उजवीकडे न वळणारा वॉल्टर

वॉल्टरला उजवीकडे वळायचं असलं, की तो तीनदा डावीकडे वळायचा. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या आमच्या गल्लीतून उजवीकडे वळलं, की दोन मिनिटांवर ग्रोसरीचं दुकान. पण साहेबांची स्वारी अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालून तिथे पोचायची. त्याच्या शेजारी राहायला गेल्यावर आठवड्याभरात मी कारण विचारलंच.

"पोरा," तो म्हणाला (मी तेव्हा चाळिशीचा होतो!), "अमेरिकेतल्या मातीच्या गोल ट्रॅकवर वीस वर्षं गाड्या पळवल्या. डावीकडे वळून पोट भरलं. उजवीकडे काय असतं? कुंपण!" पुरावा म्हणून त्याने भर रस्त्यात शर्ट वर करून बरगडीवरचा व्रण दाखवला. माझी बायको मेधा लगबगीने घरात पळाली.

त्याची बायको एडना वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होती. रोज दुपारी तो तिला गाडीतून तळ्याकाठी फिरवून आणायचा. "नर्सेस औषध देतात, मी वारा देतो," म्हणायचा. आणि ऐंशी ओलांडल्यावर लायसन्ससाठी त्याला रोड टेस्टचं बोलावणं आलं. पत्र माझ्या हातात देताना त्याने एवढंच विचारलं, "एडनाचं काय?"

मी ताबडतोब शिकवणी सुरू केली.

"अरे, तू स्वतः दोनदा नापास झालायस," मेधा म्हणाली, "आणि रेसरला शिकवणार?"

"म्हणूनच! परीक्षक कशावर टपलेले असतात, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

महिनाभर आम्ही उजवीकडे वळलो. प्रत्येक वळणाला तो डोळे मिटायचा आणि मी ओरडायचो. शेवटी डोळे उघडे ठेवून वळायला लागला.

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडला होता. मी टेस्ट सेंटरच्या खिडकीत उभा. वॉल्टर परतला तो अगदी झोकात. सगळी उजवी वळणं निर्दोष! त्या आनंदात त्याने पार्किंगच्या बर्फावर स्टिअरिंगला असा झटका दिला, की गाडी आडवी घसरत आली आणि दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधोमध थांबली. परीक्षकबाईंचे कागद गाडीभर उडाले.

"रेघेला तरी शिवली का?" त्याने ऐटीत विचारलं.

"नाही," बाई कागद गोळा करत म्हणाल्या. "पण तुम्ही नापास."

लायसन्स गेलं. मी मात्र दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून लवकर निघालो आणि त्याला घेऊन नर्सिंग होम गाठलं. एडनाला माझ्या शेजारी बसवलं, वॉल्टर मागे. माझ्या घाबरट वेगाने आम्ही तळ्याकाठी निघालो. एडना खिडकीला नाक लावून बसली होती.

"बदकं!" ती एकदम म्हणाली. "वॉल्टर, इथे बदकं असतात? पन्नास वर्षांत तुझ्या गाडीतून मला एक झाड धड दिसलं नव्हतं!"

मागे वॉल्टरने काच पुसली आणि बदकांकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर त्याचं बोट टकटकलं.

"पोरा," तो कुजबुजला, "अजून हळू चालव."