राहून गेलेलं पाणी

१३ डिसेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर रंगवायला माणूस येणार होता, म्हणून ओट्यावरची कपाटं रिकामी करायला घेतली. डबे उतरवले, तळाचे कागद फेकले आणि दारांच्या आतल्या बाजूच्या चिठ्ठ्या सुरीच्या टोकानं सोडवू लागले. चिकटपट्टी इथल्या बहरीनच्या उन्हाळ्यात वितळून दाराला घट्ट धरून बसली होती. एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. वर माझ्या अक्षरात इंग्रजी, खाली तिच्या तिरक्या अक्षरात तुर्की.

ती तुर्की शेजारीण आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. नवरा बाब अल बहरीनजवळच्या एका तुर्की रेस्टॉरंटमध्ये कबाब भाजायचा. झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये हमाम, म्हणजे तुर्की पद्धतीचं स्नानगृह सुरू होणार होतं, आणि पाहुण्यांना तिथल्या रीती इंग्रजीत समजावून सांगणारी बाई त्यांना हवी होती. रीती हिला सगळ्या ठाऊक. इंग्रजी मात्र बाजारापुरतं. मी ऑफिसातून साडेतीनला यायचे. चार ते पाच शिकवणी, तीही ओट्याशी उभ्यानंच, कारण त्या वेळात मला भाजी चिरायची असायची. शब्द निघाला की चिठ्ठी, आणि चिठ्ठी दारावर.

पहिली चिठ्ठी 'योगर्ट'. ती म्हणाली, "आब्ला, हा तर आमचा शब्द आहे." ती मला आब्ला म्हणायची, म्हणजे ताई. "इंग्रजांनी न विचारता नेला."

"आमचंही बरंच नेलंय. रांगेत उभी राहा."

मग 'कियॉस्क' आला. त्यांच्याकडे तो बागेतला देखणा मंडप होता, इंग्रजीत त्याची सिमकार्ड विकायची टपरी झाली. एकदा फर्निचरच्या दुकानात तिनं एका बुटक्या स्टुलावर 'ओटोमन' अशी पाटी वाचली. ते त्यांच्या जुन्या साम्राज्याचं नाव. "सहाशे वर्षं राज्य केलं," ती म्हणाली, "आणि आता लोक त्यावर पाय ठेवतात." माझी लेक हसून म्हणाली, "ॲट लीस्ट इट्स कम्फर्टेबल, आंटी."

ज्यांना इंग्रजीत शब्दच नाही, त्या गोष्टींची पूर्ण वाक्यं करावी लागली. पाहुणा आला की त्याच्या तळहातावर कोलोन, म्हणजे सुगंधी पाणी, ओततात. शेजारणीची ताटली रिकामी परत करत नाहीत. हे तिनं सांगितल्यावर मी म्हटलं, हे आमच्याकडचंच आहे, पुढचं बोल. पुढचं होतं पाण्याचं. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या गाडीमागे पाणी ओततात, पाण्यासारखा सुखरूप जावा आणि पाण्यासारखा परत यावा म्हणून. हे वाक्य तिला यायला तीन दिवस लागले. आम्ही निघणाऱ्याच्या हातावर दही देतो, असं मी सांगितलं, तर ती खूश. "बघ, योगर्ट."

मुलाखतीला तिला एखादी रीत सांगा म्हणाले, आणि ती गप्प राहिली. घरी येऊन म्हणाली, "एकवीस चिठ्ठ्या डोळ्यांसमोर होत्या, पण सगळ्या तुझ्या कपाटात होत्या." पुढच्याच महिन्यात रेस्टॉरंट बंद झालं. नवऱ्याचा व्हिसा रद्द, त्यामुळे तिचाही. खलास.

निघण्याच्या सकाळी मी तिच्या तळहातावर दही ठेवलं. तिनं तिथल्या तिथे चाटून खाल्लं. खाली टॅक्सीत बसताना म्हणाली, "आब्ला, आता तुझी पाळी. पाणी."

मी म्हटलं, "वॉचमननं आत्ताच पुसलंय. तळमजल्यावरच्या आजी घसरतील."

"तू सेफ्टी ऑफिसर व्हायला हवं होतंस," ती हसली, आणि टॅक्सी गेली.

आजींचं कारण खोटं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं. आमच्याकडे जाणाऱ्यासाठी पाण्याची धार धरतात ती स्मशानात. वडिलांच्या वेळी मी ती पाहिली होती. घरातून कुणी गावाला गेलं तर मागे लगेच केरसुद्धा काढत नाहीत. माझा हात वर होईना, आणि हे तिला गाडीच्या दारात कुठे समजावत बसणार?

याला दोन वर्षं होतील. समोर नवे भाडेकरू आले, चांगले आहेत, दार लावून असतात. मी अजून चारला भाजी चिरते. मधूनच एखादा शब्द डोक्यात येतो, आणि तो सांगायला ओट्याशी कुणी नसतं. चिठ्ठ्या आधीच काढायला हव्या होत्या, काढल्या नव्हत्या.

त्या शनिवारी चिठ्ठ्या टेबलावर मांडून मी फोटो काढले आणि तिला पाठवले, कारण तिनं मागितले होते. त्याच रिसॉर्टनं पुन्हा विचारलं होतं. रविवारी सकाळी नऊला व्हिडिओवर मुलाखत. जमलं तर तिचा स्वतःचा व्हिसा, नवरा मागून येईल. नाहीतर तिकडे तुर्कस्तानातच भावाच्या बेकरीत काम. तिनं फोन केला आणि एकेक चिठ्ठी म्हणून दाखवली. पाण्याचं वाक्य एका दमात आलं.

मग म्हणाली, "तेव्हा ओतलं असतंस तर एव्हाना आले असते."

"आणि पुसलं कुणी असतं?"

"आब्ला," ती म्हणाली, "मी तिथे असते तर मीच पुसलं असतं."

लवकर झोप, म्हटलं, आणि फोन ठेवला.

रविवारी सहाला उठले. डबा भरला, रंगाऱ्यासाठी किल्ली लेकीकडे दिली. तांब्या भरून खाली गेले आणि जिथे तेव्हा तिची टॅक्सी उभी होती तिथे, पार्किंगच्या दुसऱ्या खांबाशी, ओतला. पाणी उताराकडे गेटपर्यंत गेलं. वॉचमन धावत आला. "मॅडम, ऊपर कुछ लीक है?"

"नहीं भैया. पोछा दो."

आजींच्या दारासमोरचं तेवढं मी कोरडं केलं. बाकीचं राहू दिलं. तांब्या पर्समध्ये मावेना, तो हातात घेऊनच ऑफिसला गेले.