बाळाबाईनं सोडलेली दारं

शिवाजी पेठेतल्या एका शाळेत बाळाबाई पाणी भरायची, वर्ग झाडायची आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायची. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण वर्गाच्या दाराशी बसून बसून तीसपर्यंतचे पाढे पाठ झाले होते, आणि पोरं अडखळायची तिथंही ते ती न अडखळता म्हणायची. नवरा तरणेपणीच गेला. पदरात एकच लेक, हौसा. तिला शिरोळकडं दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली होती.

चैत्रातल्या भर दुपारी हौसाला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं, सुईणीनं हात टेकले. टांगा मिळून तो थोरल्या दवाखान्याच्या वाटेला लागला तोवर हौसाचं डोकं आईच्या मांडीवर जड झालं होतं. पोटातलंही तिच्याबरोबरच गेलं. टांगेवाल्यानं घोडा माघारी वळवला.

त्यानंतर बाळाबाईला या जगात एकच गोष्ट हवी होती. पेठेत बाळंतपणाचा दवाखाना. दोन खोल्या आणि एक नर्सबाई, यापरतं तिचं मागणं नव्हतं. पण मागायचं कुणाकडं, ते तिला ठाऊक नव्हतं.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. वॉर्डातला मेंबर अचानक वारला आणि मधेच निवडणूक लागली. शाळेचे जुने हेडमास्तर गणपतराव उभे राहिले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की निवडून आलो तर आधी दवाखाना, मग गटारं. बाळाबाईनं ते ऐकलं, हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि मास्तरांच्या घरी जाऊन उभी राहिली. मला काम सांगा, म्हणाली.

समोरच्या उमेदवाराकडं दोन जीपगाड्या होत्या. मास्तरांकडं होता त्यांचा पुतण्या माधव. राजारामपुरीत राहायचा आणि कॉलेजात आकड्यांचं शास्त्र शिकवायचा. त्यानं वॉर्डाचे तीन भाग केले. एका भागात रिक्षावर भोंगा लावून ओरडायचं. दुसऱ्या भागात मतदाराच्या नावाची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायची. तिसऱ्या भागातल्या चार गल्ल्यांत मास्तरांच्या पत्नी श्यामलाबाईंनी हळदीकुंकू करायचं. मतदानादिवशी आपला माणूस केंद्रात यादी घेऊन बसेल, आला त्याच्या नावावर खूण करेल, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ते कळेल. मास्तर म्हणाले, अरे, सगळीकडं सगळंच करू की. माधव म्हणाला, तेवढी माणसं आहेत कुठं? तेही खरंच होतं.

होती ती माणसंही धड नव्हती. तालमीतली पोरं चिठ्ठ्या वाटायला आली, ती दोन दिवस चहाच प्यायली. तिसऱ्या दिवशी माधवनं एका तालमीची पोरं दुसऱ्या तालमीच्या गल्लीत धाडली. तिथं चिठ्ठ्या राहिल्या बाजूला, मागल्या साली ह्याच दोन तालमींत झालेली फुटबॉलची मॅच पुन्हा तोंडानं खेळली गेली आणि एकाचा सदरा फाटला. तेव्हा बाळाबाईनं सांगितलं, की ज्याला त्याला त्याचीच गल्ली द्या आणि ती दिल्याचं त्याच्या आईच्या कानावर घाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत चिठ्ठ्या संपल्या. माधवनं ते वहीत लिहून घेतलं. कॉलेजातल्या पुस्तकात पोरांच्या आया कुठं नव्हत्या.

हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला श्यामलाबाई करंडा घेऊन निघाल्या. घरं दाखवायला पुढं बाळाबाई. जिथं सवाष्ण होती तिथं ती थांबायची. जिथं घरातल्या बाईचा नवरा गेलेला असायचा, तिथं "पुढं चला, वैनी" म्हणून पाऊल उचलायची. एखाद्या घरात सासू मोकळ्या कपाळाची आणि सून सवाष्ण. मग सुनेला हाक मारायची आणि कट्ट्यावर बसलेल्या सासूकडं बघायचं नाही.

यात तिला वावगं वाटलं नव्हतं. उलट माया वाटली होती. एकदा तिलाच कुणी चुकून बोलावलं होतं, आणि भरल्या अंगणातून परत फिरताना झालेलं तोंड ती विसरली नव्हती. ते दुसरीच्या वाट्याला कशाला?

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. श्यामलाबाई दवाखान्याबद्दल बोलल्या, बायकांनी माना डोलावल्या. बाळाबाई मागल्या पडवीत मसाल्याचं दूध उकळत बसली होती. तिला दवाखाना हवा होता तो कुणासाठी, हे तिथल्या कुणाला माहीत नव्हतं. हौसाचं नाव तिनं मास्तरांजवळही काढलं नव्हतं.

मतदानादिवशी त्या चार गल्ल्यांतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून रांगेला लागल्या. मास्तर निवडून आले असंच सगळे धरून चालले होते. मोजणी झाली आणि ते तेवीस मतांनी पडले.

तिसऱ्या दिवशी माधव खुणा केलेली यादी घेऊन बसला. भोंग्यानं काहीच झालं नव्हतं. चिठ्ठीनं बरं काम केलं होतं. हळदीकुंकवाच्या गल्ल्यांत तर बायका कधी नव्हे एवढ्या आल्या होत्या, पण तिथंच एक्केचाळीस जणी अजिबात आल्या नव्हत्या. चिठ्ठीच्या भागात तसं कुठं दिसत नव्हतं. त्याला उलगडा होईना. त्यानं बाळाबाईला बोलावलं आणि ती नावं वाचून दाखवू लागला. ह्या कोण, गावाला गेल्या होत्या का, आजारी होत्या का?

पाचव्या नावाला बाळाबाईचे हात पदरात गेले. दहाव्या नावाला तिला सगळं कळलं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. माधवला पेठेतल्या बायकांची कपाळं पाठ नव्हती.

"वाचू नका आता," ती म्हणाली. "ह्या समद्या माझ्यासारख्या हाईत. ह्यांची दारं मीच सोडली."

श्यामलाबाई म्हणाल्या, करंडा माझ्या हातात होता, मलाही सुचलं नाही. मास्तर म्हणाले, रीतच तशी आहे. बाळाबाईनं कुणाचंच घेतलं नाही. तेवीस आणि एक्केचाळीस यांची वजाबाकी तिला येत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती धोंडुबाईच्या घरी गेली. धोंडुबाई तीच, सुनेला बोलावताना कट्ट्यावर बसलेली. तोंडानं फटकळ. शेंगा फोडत होती, तिनं मान वर केली नाही.

"का गं, वाट चुकलीस? निवडणूक झाली की."

"मत मागाय न्हाय आलो, आक्का."

"मग?"

बाळाबाई खालच्या पायरीवर बसली. "चुकलं माझं. तुझं मन दुखू नये म्हणून पुढं गेलतो."

"दुखंल का न्हाय ते मला इचारायचं की." धोंडुबाईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "लुगडं धुऊन ठेवलतं मताला. तू माझ्या म्होरनं गेलीस, आणि तू बी माझ्यातलीच. म्हटलं, दवाखाना बी सवाष्णींचाच असंल. आपलं काय काम?"

तेव्हा पहिल्यांदा बाळाबाईनं हौसाचं सांगितलं. टांग्यापर्यंत सांगितलं आणि समोरची एक शेंग उचलून फोडू लागली. धोंडुबाईनं सूप बाजूला सारलं. तिचीही धाकटी बहीण तशीच गेली होती, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी, तापानं. दोघी बराच वेळ बसून राहिल्या.

मग बाळाबाई बाकीच्या चाळीस दारांना गेली. दीड वर्ष लागलं, कारण ती पंधरवड्याला एकच दार करायची. कुठं नुसती चूक कबूल करून उठायची, कुठं तास जायचा. दोघींनी तिला दारातूनच घालवलं, त्यातल्या एकीनं पुन्हा बोलावलं.

पुढं नेमाची निवडणूक आली तेव्हा त्या बायका न बोलावता कामाला लागल्या. एकेकीनं आपापली गल्ली घेतली. माधव पुन्हा वही घेऊन आला. मावशी, तुम्ही ह्यांना नेमकं काय दिलंत, विचारू लागला. बाळाबाई म्हणाली, नुसतं बसलो. बसण्याचा रकाना त्याच्या वहीत नव्हता. मग तो म्हणाला, एक गल्ली तशीच सोडून बघू, म्हणजे फरक नक्की समजेल.

"एक बी दार सोडायचं न्हाय," बाळाबाई म्हणाली. "तुमचं शास्त्र अर्धं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे."

माधवनं वही मिटली आणि चिठ्ठ्या घेऊन तोही एका गल्लीत गेला. मास्तर एकशे बारा मतांनी निवडून आले.

दवाखान्याला तरीही पाच वर्षं गेली. जागा मिळाली तर नर्स मिळेना, नर्स मिळाली तर खाटा येईनात. धोंडुबाई तोवर राहिली नाही. अखेर एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्या झाल्या. शाळेतली नोकरी संपल्यावर बाळाबाई तिथं पाणी तापवायला राहिली.

पहिली बाळंतीण आली ती पेठेतली नव्हतीच. कोडोलीची. एस.टी.तून उतरता उतरता तिला कळा सुरू झाल्या, आणि हेच जवळ म्हणून तिचा भाऊ घेऊन आला. नर्सबाई नवी होती, नियमाची. तिनं रजिस्टर उघडलं आणि बाळंतीण कुठल्या वॉर्डातली ते विचारलं. भाऊ गोंधळून बाळाबाईकडं बघू लागला.

"पावणं, तुमी हितं बसा," बाळाबाई त्याला म्हणाली, आणि नर्सबाईला म्हणाली, "आदी आत घ्या. वॉर्ड मागनं लिवा."

मूल रडलं तेव्हा बाळाबाई चुलीपाशी होती. ती उठून बघायला गेली नाही. पाण्याला उकळी आली होती, ते उतरवून आत द्यायचं होतं.