छत्रीआडची फुलवाली

संगणकाला पाहायला शिकवायचं म्हणून माझी विद्यार्थिनी सायली रस्त्याच्या फोटोंतल्या माणसांभोवती चौकटी आखत होती. छत्रीआड जेमतेम खांदा दिसणाऱ्या फुलवालीलाही तिनं चौकट दिली.

"अगं, ती सोड," मी म्हणालो.

"सोडून कसं चालेल, सर? आपणच सोडली तर संगणकाला ती कधीच दिसायची नाही."

संगणकाचं ठीक आहे. मला तर माझी आधीची विद्यार्थिनी मधुरा लख्ख दिसत होती, तरी मी तिला सोडलं होतं. परदेशी संशोधन शिष्यवृत्तीसाठी तिनं माझं शिफारसपत्र मागितलं होतं. ती गेली तर माझं काम अडेल, म्हणून मी ते पाठवलंच नाही. शिष्यवृत्ती हुकल्यावर "माझंच काहीतरी कमी पडलं, सर," ती म्हणाली, तेव्हा मी चहा मागवला.

सायलीनंही शिफारसपत्र मागितलं होतं; ते आज तिच्यासमोरच पाठवलं. मग मधुराला लिहायला बसलो: तुझं काहीच कमी पडलं नव्हतं.