बाईंची टिंबं

बाईंच्या पुस्तकात मी अकरा ठिकाणी खोटं लिहिलंय.

आज दुपारी बाईंना पोचवून आलो. आता हे मीच सांगायला हवं, दुसरं कोण सांगणार?

भिसेगावातल्या आमच्या बाई. शाळेत संस्कृत शिकवायच्या. रिटायर झाल्यावर डिक्शनऱ्या मागवून घरबसल्या ग्रीक आणि लॅटिन शिकल्या. कशाला? तर दोन हजार वर्षांपूर्वी त्या भाषांत बायकांनी लिहिलेल्या कविता मराठीत आणायला.

मी साजगावचा. कॉलेज सेकंड इयरला सोडलं, म्हणजे क्लार्कची कॉलर धरली आणि परत गेलोच नाही. कर्जतला डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायचो. बाई वही घेऊन आल्या.

"नितीन ना तू? फार तापट आहेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"हे बघ, तापलासच."

वहीत कवितेपेक्षा टिंबं जास्त. मी म्हटलं, बाई, प्रिंटिंगला बरं नाही दिसणार.

त्यांनी समजावलं. त्या बायकांचं लिहिलेलं कुणी जपलंच नाही. उकिरड्यात सापडलेल्या कागदाच्या चिंध्या, नाहीतर कुणा पुरुषाने आपल्या पुस्तकात जाता जाता दिलेली एखादी ओळ. एवढंच उरलं.

"फाटलं तिथे टिंबं. वहीत जेवढी, तेवढीच. मोजून."

मी मोजायचो. खरंच मोजायचो. कुणी मेलेल्या मैत्रिणीसाठी लिहिणारी, कुणी प्रियकराला ठणकावणारी. मला वाटायचं, हे सगळं माझंच चाललंय.

कारण तेव्हा मानसी होती. नेरळची. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तिला एक कविता पाठवली. सोडून गेलेल्या मैत्रिणीला हाका मारणारी. शेवटी नुसती टिंबं.

मानसीचा फोन.

"ही अर्धीच काय पाठवलीस रे? मग ती परत आली का नाय?"

"माहीत नाय गं. कागद फाटलाय."

"असं काय! मला नाय आवडलं."

मी शेवट लिहिला. 'आणि ती परत आली, दारातच उभी.' पाठवला. मानसी म्हणाली, आता कसं पूर्ण वाटतं.

बस. एवढ्यावर माझं डोकं फिरलं.

महिन्याने तिचा साखरपुडा झाला. घरच्यांनी ठरवला, ती नाही म्हणाली नाही. मी दुकानात बसून बाईंच्या फाइलमध्ये टिंबं पुसत होतो आणि सोडून गेलेल्यांना परत आणत होतो. एक, दोन, तीन. अकरा जणांना आणलं.

मानसी नाही आली.

आता खरी घाण ऐका.

बाईंना तोवर वाचता येईनासं झालं होतं. डोळ्यांसमोर मधोमध काळा डाग यायचा. म्हणून प्रूफ मी मोठ्याने वाचायचं आणि त्या ऐकायच्या. त्यांनीच शिकवलं होतं, "टिंबं आली की थांब. एक श्वास घे. मग पुढे."

हातातल्या कागदावर माझे शब्द होते. मी ते वाचले नाहीत. मी तिथे थांबत होतो. श्वास घेत होतो.

बाई मान हलवत होत्या. "छान थांबतोस रे आता."

पुस्तक छापलं. बाईंनी ते त्यांच्या विद्यार्थ्यांना वाटलं. आठवड्याने त्यांची भाची, उज्ज्वलाताई, त्यांना हौसेने वाचून दाखवायला बसली. ती थांबली नाही. तिथे थांबायचं कशाला, तिच्यासमोर तर शब्द होते.

मला बोलावणं आलं. बाई झोपाळ्यावर बसलेल्या, पुस्तक मांडीवर.

"तिचं माणूस परत आलं की नाही, हे जगात कुणाला माहीत नाही. तुला कसं कळलं?"

बाईंनी पुस्तकावरून हात फिरवला.

"एवढंसं उरलंय रे त्यांचं. त्यातही तुला बोलायचं होतं?"

तिथे पाय धरायचे होते. मी काय केलं? ओरडलो. म्हटलं, "अर्धवट कोण वाचणार हो? माझ्यामुळे निदान पूर्ण तरी झालं. ठेवा तुमची टिंबं तुमच्यापाशी!"

पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचलून भिरकावलं. निघालो.

आठ महिने. त्यांच्या घरावरून पाच मिनिटांत दुकान गाठता येतं, मी स्टेशनला वळसा घालून जायचो.

आज सकाळी उज्ज्वलाताईचा मेसेज आला. झोपेतच गेल्या.

सगळं उरकल्यावर तिने मला ते पुस्तक दिलं. मी भिरकावलेलं तेच, कोपरा दुमडलेलं.

आत व्हाइटनर. माझी एकेक ओळ झाकलेली आणि वर पेनाने टिंबं. वाकडी. काही ओळीबाहेर, एक तर पार समासात.

"मी तिचं बोट ओळीवर ठेवायचे," उज्ज्वलाताई म्हणाली. "टिंबं तीच द्यायची. मला देऊ द्यायची नाही. एका जागेला कधी आठवडा लागायचा."

नऊ झालीत. दोन राहिली.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"नाही रे."

मग म्हणाली, "एकदा तिने विचारलं होतं, तो अजून थांबतो का म्हणून. मला काही समजलं नाही."

मला समजलं.

बाईंच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे ते पुस्तक असेल. ज्या ज्या कवितेत कुणी परत येतं, ती ओळ माझी आहे. खोडा. वहीतली टिंबं मोजून पाठवतो, तेवढीच द्या. शिव्या द्यायच्या असतील तर कमेंटमध्ये द्या, पण नुसते हात जोडून पळू नका.

राहिलेली दोन मी आत्ता केली. बाईंच्यापेक्षाही वाकडी आली.

त्या कवितांमध्ये आता कुणीच परत येत नाही.

श्रद्धांजली मला लिहिता येत नाही. जे म्हणायचं होतं ते आठ महिन्यांपूर्वी, झोपाळ्यासमोर म्हणायचं होतं. आता ती जागा फाटली.

बाई,
. . . . . .

थांबलोय.