दयाळाच्या ढोलीतल्या अळ्या

आगाशीच्या मार्थाने उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर तिला घरात करमेना. नवरा, हिलरी, केळीच्या वाडीत रमला, आणि हिचा जीव जडला तो बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी, म्हाताऱ्या आंब्याच्या ढोलीत राहणाऱ्या दयाळ पक्ष्यांच्या जोडप्यावर. नर काळापांढरा, ऐटबाज. सकाळी शेपटी उभारून अशी शीळ घालायचा की मार्थाच्या हातातला चहा निवून जायचा.

गेल्या वर्षी त्यांची पिल्लं ढोलीतच मेली. ना साप आला, ना मांजर. मार्थाच्या मनाला ते फार लागलं. म्हणून यंदा आतून चिवचिव ऐकू आल्यापासून ती दुरूनच लक्ष ठेवून होती. एका सकाळी तो आवाज अगदी बारीक झाला. मादी चोचीत किडा धरून दारात थांबली, पण आतून एकही चोच वर येईना.

मार्थाने तडक विरारच्या दिपिकाला फोन लावला. ही पक्ष्यांची तरुण डॉक्टर. वनखात्याच्या परवानगीने आजारी पाखरांवर उपचार करायची. ती स्कूटर दामटत आली, शिडीवर चढली, आत टॉर्च मारला आणि वरूनच ओरडली, "आंटी, जिवंत आहेत! तिघंही! पण घरट्यात अळ्या झाल्यात. माशी अंडी घालते, आणि त्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात."

"मग गेल्या वर्षीची..."

"तीही याच्यानेच गेली असणार. टॉवेल धरा, लवकर!"

मऊ टॉवेलात एकेक पिल्लू उतरलं. फिकी पडलेली, लुळ्या मानेची पिल्लं. मार्थाचे हात जन्मभराच्या सवयीने आपोआप ओंजळीसारखे झाले. दिपिकाने चिमट्याने अंगावरच्या अळ्या काढल्या आणि ढोलीतलं सगळं गवत पिशवीत उतरवलं. ते गवत नुसतं वळवळत होतं! हिलरीने पिशवी नेऊन जाळून टाकली आणि येताना नारळाचा कडक वाळलेला काथ्या आणला. मार्थाने तो हाताने पिंजून मऊ केला, दिपिकाने ढोलीत त्याची वाटी केली आणि पिल्लं परत ठेवली.

आता मादी ते घर आपलं मानेल का? मार्था, हिलरी आणि दिपिका केळीआड दबा धरून बसले. मादी आली, आत डोकावली आणि भुर्रकन उडाली! मार्थाने हिलरीचं मनगट असं आवळलं की तो कळवळला. मादी फांदीवर बसून कर्कश ओरडत राहिली. शेवटी नर चोचीत किडा घेऊन आला आणि सरळ आत घुसला. त्याच्या मागोमाग तीही शिरली.

"गेली! आत गेली!" मार्था दबक्या आवाजात ओरडली. रडत होती की हसत होती, तिलाच कळेना.

पुढच्या आठवड्यात चिवचिवाटाने वाडी दणाणली. पिल्लं ढोलीच्या काठाशी येऊन भांडू लागली. एक धाडसी पिल्लू उडालं ते थेट हिलरीच्या टोपीवर उतरलं, आणि हिलरी खिळल्यासारखा जागच्या जागी उभा! मार्थाला हसू आवरेना.

त्या दिवसापासून ती गप्प बसलेली नाही. राजोडीच्या प्लासिडने आपल्या खानावळीच्या पडवीत चिमण्यांसाठी लाकडी खोकी टांगली आहेत. त्या खोक्यांतली पिल्लं उडून गेल्याची खात्री करून परवा ती तिथे धडकली. हातात ब्रश, मागे उकळत्या पाण्याची किटली घेऊन हिलरी.

"प्लासिड, मागच्या विणीचं गवत अजून आत? आणि चिमण्यांची ही पाण्याची भांडी अशी बुळबुळीत? रोज घासायची, उन्हात वाळवायची, मगच भरायची!"

"आंटी, आधी जेवून तर घ्या," प्लासिड म्हणाला.

पण मार्था तोवर स्टुलावर चढली होती. "ती बघ, चिमणी काड्या घेऊन वाट बघतेय. हिलरी, ओत पाणी!"