माहेरी जाण्याचे अर्ज

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सासरी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं. पण बाळंतपणाच्या रजेवरून तो यायला पाच वर्षं जावी लागली. इतकी वर्षं मी मूग गिळून कशी बसले, याचं मला आजही नवल वाटतं.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी बियांची उगवण तपासायला होते. ओल्या कागदावर शंभर बिया मोजून मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा आणि आठवड्यानं उघडून किती उगवल्या ते रजिस्टरला लिहायचं. बारावी पास, अक्षर बरं, म्हणून हे काम मिळालेलं. शेजारच्या मोठ्या हॉलमध्ये तीस-चाळीस बाया बी निवडायला बसायच्या. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांचे अर्ज मीच लिहून द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत एखादी हळूच यायची, तोंडाला पदर लावून म्हणायची, "बाई, माझा तेवढा माहेरचा अर्ज लिहून द्या ना." पोट तर डोळ्यासमोर दिसत असायचं! पण तो शब्द ती उच्चारायची नाही आणि मीही नाही. साहेब पुरुषमाणूस, त्यांच्या टेबलावर असलं कसं लिहून ठेवायचं? मी लिहायचे, "माहेरी जाणे आहे, तरी रजा मिळावी." खाली तिचा अंगठा.

माझ्या पहिल्या वेळी मीही तेच लिहिलं. वाटूरला आईकडे गेले, मुलगी झाली, चार महिन्यांनी परत आले. माझ्या स्टुलावर दुसरीच मुलगी बसून बिया मोजून राह्यली होती. साहेब म्हणाले, "माहेरचं काम फारच लांबलं बाई तुमचं. आम्ही काय समजायचं?" सातव्या महिन्यापर्यंत मी रोज त्यांच्यासमोरून जात होते, त्या माणसाला काय दिसत नव्हतं का? पण मी तरी काय बोलणार, अर्ज माझाच होता. रडत घरी आले. पुढं वर्षभरानं ती मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा मला परत बोलावणं आलं. तेही नवीन म्हणून, पहिल्या पगारावर.

दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि माझ्या पोटात बाळाच्या आधी धास्तीच वाढायला लागली. नवऱ्याची आडत दुकानातली नोकरी, भाड्याची खोली, मुलगी शाळेत घालायची. ही नोकरी परत गेली तर पुन्हा मिळणार नव्हती.

सातव्या महिन्यात माझी ओटी भरली. थोरली जाऊ तीर्थपुरीहून आली. ती तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. शेजारच्या बँकेतल्या बाईही आल्या. ओट्या भरून झाल्यावर गप्पा रजेवर आल्या. जाऊबाई म्हणाल्या, "मला दोन्ही टायमाला तीन-तीन महिने पगारी भेटले. हजर झाले तर खुर्ची तिथंच." बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आम्हालाही तीन महिने. वर दवाखान्याच्या बिलातलंही थोडं मिळालं." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "मला काय, माहेर भेटतं."

मला वाटलं हसतील. जाऊबाई काही हसल्या नाहीत. "तू अर्जात काय लिहून राह्यलीस गं?" मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बयो! शिकलेली ना तू? कंपनीच्या बायांना बी कायदा आहे. बारा आठवडे पगारी. वर्षात ठरलेले दिवस भरलेले पाहिजेत, अन् लेखी कळवाया पाहिजे. पर कशाला जायलीस तेच न्हाई लिहिलं तर कोण देईल तुला?"

हिरवी साडी, डोक्यात गजरा, हातात जिलेबी, अशी मी बसलेली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बँकेतल्या बाईंच्या समोरच म्हणाले, "आता बघतेच मी."

नवऱ्याला रात्री सांगितलं तर ते म्हणाले, "जल्दी करू नको. आहे ते बी जाईल." मी म्हणाले, "आहे ते तसंही जाणारच आहे ना? मंग बोलून जाऊ द्या की." सकाळी सायकलवरून कंपनीच्या फाटकापर्यंत त्यांनीच सोडलं.

अर्जात मी लिहिलं, "मी बाळंत होणार आहे. बाळंतपणाची बारा आठवड्यांची पगारी रजा मिळावी." लिहिताना कान तापले होते, खोटं कशाला सांगू. साहेबांनी वाचलं, कागद उलटा करून ठेवला आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या त्या... त्या कारणासाठी आपल्याकडं रजा नसते."

"कोणत्या कारणासाठी, साहेब?"

"तेच ते. तुम्ही लिहिलंय ते."

"बाळंतपण म्हणा की. तुमच्या घरी बी झालंच असंल."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. म्हणाले, "हे बघा, इतक्या वर्षांत इथं एकीनंसुद्धा ही रजा घेतली न्हाई. कुणी मागितलीच न्हाई. बिलकुल न्हाई. फाईल बघा पाहिजे तर."

"दाखवा."

त्यांना वाटलं नसावं मी खरंच मागेन. शिपायानं जुनी फाईल आणून टेबलावर आपटली. मी उघडली. माहेरी जाणे आहे. माहेरी जाणे आहे. माहेरी जाणे आहे. पानामागून पान, खाली जांभळे अंगठे, आणि वर बहुतेक अर्जांवर माझं अक्षर. सुवाच्य, एकसारखं, समासही सोडलेला. माझा सगळा राग क्षणभर माझ्यावरच उलटला. या बायांची लेकरं मीच पुसली होती, चांगल्या अक्षरात.

साहेब म्हणाले, "बघितलं ना? बराबर आहे ना मी म्हणतो ते?"

मी फाईल तशीच घेऊन हॉलच्या दारात गेले. साहेब मागं "अहो बाई, अहो बाई" करत आले. मी पहिला अर्ज वाचला आणि विचारलं, "तू माहेरी गेल्तीस तेव्हा काय झालं?" तिनं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. म्हणाली, "पोरगी झाली. आता अंगणवाडीत हाय." पुढचा वाचला. "मला जुळी झाली." पुढचीला मुलगा. एक म्हातारी होत आलेली बाई कोपऱ्यातून ओरडली, "माझे तर तिन्ही वाचा बाई, तिन्ही डाव कामावरून काढलं व्हतं!" हशा उसळला. चाळण्या थांबल्या होत्या. जी ती आपलं लेकरू सांगायला लागली, कुणाचा अर्ज कुठला ते मलाच कळेना.

मी साहेबांकडे वळले. "साहेब, कपाशीचा एकेक कोंब मी तुमच्या रजिस्टरला चढवते. मेलेला दाणा बी लिहिते. आमची एवढी जिवंत लेकरं तुमच्या कागदावर कुठंच न्हाईत. ती चूक माझी आहे, मी लिहिलेली. आता मीच दुरुस्त करून राह्यले."

ते वळून आत गेले. पण कागद त्यांनी फेकला नाही. दोन दिवसांनी कंपनीच्या मालकांकडून, शेठकडून निरोप आला. मधल्या दिवशी जाऊबाईंनी शिक्षक संघटनेतल्या एका सरांकडून कायद्याची प्रत आणून दिली होती, ती मी मागाहून अर्जाला जोडली होती. तिचा परिणाम की हॉलमधल्या त्या हशाचा, कोण जाणे. बारा आठवडे मंजूर झाले. पगारी. मंजुरीच्या कागदावर साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "बाळंतपणासाठी." मी तो शब्द दोनदा वाचला, शिपायाला पेढा दिला आणि साहेबांनाही दिला. त्यांनी घेतला.

मुलगा वाटूरलाच झाला. मी खोलीत शेक घेत पडले होते आणि बाहेर पोस्टमननं हाक मारली, मनिऑर्डर आहे म्हणून. पोस्टमनचा आवाज ऐकून आईला तार वाटली, कुणी गेलं-बिलं. ती दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायची. माझ्या वेळी बाराव्या दिवशी खुरपायला गेल्ती, मला बांधावर निजवून. ती पैसे घेऊन आत आली आणि माझ्या उशाशी बसली. "कशाचे गं हे?" मी म्हणाले, "माझा पगार." तिला पटेना. "तू तर निजून हायेस."

"निजल्याचाच आहे, आई."

तिनं नोटा दोनदा मोजल्या. मग बाळाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग नीज की. नीट नीज." आणि तिला रडू आलं. मलाही आलं. आनंदानं रडायची आम्हा दोघींना सवयच नव्हती.

बारा आठवडे संपले त्या सोमवारी मी हजर झाले. स्टूल रिकामं होतं, वर धूळसुद्धा पुसलेली. बसून पहिला कागद ओला करत होते तोच हॉलमधली एक नवी सून आली, पाचवा-सहावा महिना असेल. कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. मी सवयीनं आवाज खाली आणून विचारलं, "माहेरचा अर्ज का गं?"

"न्हाई बाई," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की केबिनमध्ये साहेबांनी मान वर केली. "माहेर हितंच हाय माझं, स्टेशनाजवळ. मला बाळंत व्हायचंय. तसंच लिहा."