एकच ठिपका

आमच्या चष्मेवाल्याला आम्ही ‘दोनदा’ म्हणतो. दुकानाचं कुलूप तो दोनदा ओढून बघतो, गॅस दोनदा बघतो, बायकोला “जेवलीस का?” हेसुद्धा दोनदा विचारतो. शेजारीच माझी लाँड्री, त्यामुळे हा छळ मी वीस वर्षं रोज बघतोय. पण कामात त्याचा हात कुणी धरणार नाही. गिऱ्हाईक समोर ताठ बसवायचं, फ्रेम नाकावर ठेवायची आणि बरोबर बुबुळासमोर काचेवर पेनाने ठिपका द्यायचा. मग फ्रेम काढायची, पुन्हा घालायची, पुन्हा ठिपका. दोन्ही एकावर एक आले तरच पुढचं काम. “माझ्याकडचा एकही चष्मा परत आलेला नाही,” हे वाक्यही आम्ही दोनदाच ऐकायचो.

आम्हा तिघा मित्रांतला तिसरा पायलट. विमान नाही हो, शहरातली बस चालवतो. दूरचा जाड नंबर त्याला शाळेपासून आहे, आता जवळचंही दिसेना. म्हणून दोनदाने त्याला नवा चष्मा करून दिला. वरून लांबचं बघायचं, खालून वाचायचं, मध्ये रेघ नाही. चष्मा बुधवारी मिळाला आणि रविवारी आम्ही डोंगर चढायला गेलो.

चढताना पायलट नेहमीसारखाच पुढे होता. हाताने खडक चाचपत चढत होता, पण ती वाट तशीच आहे, म्हणून मला काही वाटलं नाही. उतरायच्या वेळी मात्र तो म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे.” बसमध्ये काय नि डोंगरावर काय, दुसऱ्याच्या मागे राहणं हा त्याचा स्वभावच नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष माझ्या गुडघ्यांकडे!

अर्ध्या वाटेवर खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत. एका वेळी एकच माणूस मावतो. उजवीकडे कातळ आणि डावीकडे काही म्हणजे काही नाही. सगळ्यात खाली मी, मध्ये दोनदा, वर पायलट. अचानक वरून दगड घरंगळत आला, माझ्या कानाजवळून गेला आणि पुढे त्याचा आवाजही आला नाही.

“काय रे, ब्रेक फेल झाले का?” मी ओरडलो.

मी वळून बघितलं. पायलट कातळाला चिकटला होता. त्याचा एक पाय हवेत पायरी शोधत होता आणि पायरी वीतभर उजवीकडे होती. लख्ख ऊन होतं.

“पायरी कुठाय?” तो म्हणाला.

“पाय वर घे,” दोनदा म्हणाला. “दोन्ही पाय वर घे आणि खाली बस. काय दिसतंय तुला?”

पायलट कसाबसा बसला. “काहीच नाही. चार दिवस झाले, पायाखालचं सगळं धूसर झालंय. बाबांचं असंच सुरू झालं होतं.” त्याचे वडील पन्नाशीत आंधळे झाले होते, हे आम्हाला माहीत होतं. “म्हणून रजा टाकली. डोळे गेले तर बस कशी चालवू? घरीसुद्धा सांगितलं नाही रे.”

चार दिवस हा माणूस एकटा हे गिळून बसला होता, आणि मी त्याच्या रजेवरून त्याची टिंगल करत होतो. माझी मलाच लाज वाटली.

दोनदाचा चेहरा पांढराफटक पडला. “तुझे डोळे ठणठणीत आहेत. चष्मा चुकलाय. मी चुकलोय.”

“समजूत घालू नकोस.”

“समजूत नाही! ठिपका देताना तू मान खाली घालून हसत होतास. वाचायचा भाग वर चढलाय, आणि पाय तू त्यातूनच बघतोयस. मी दुसरा ठिपका दिलाच नाही. जिना जपून उतर, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, तुला तेही सांगितलं नाही.”

त्या दिवशी दुकानाच्या दारात उभं राहून पायलटला हसवणारा मीच होतो. दोघांपैकी कुणीही माझं नाव घेतलं नाही.

“एका हाताने कातळ धर,” दोनदा म्हणाला. “चष्मा नाकावरून थोडा खाली ओढ. हनुवटी छातीला लाव. आता पायाकडे बघ.”

पायलटने चष्मा ओढला. घामाने तो निसटला असता तर संपलंच होतं.

“बूट दिसतोय,” तो म्हणाला. मग, “नाडी दिसतेय रे! नाडी सुटलीय!” आणि त्या एवढ्याशा पायरीवर तो हसत सुटला. हसता हसता रडायलाच लागला, आणि सगळं अंग गदागदा हलायला लागलं.

“हलू नकोस, गाढवा!” दोनदा पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडला. वर हात करून त्याने ती नाडी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि कातळाला तोंड करून उलटा उतरायला लागला. प्रत्येक पायरीला पायलटचा घोटा धरायचा, पाय स्वतःच्या हाताने टेकवायचा आणि विचारायचं, “टेकला?” पायलट “हो” म्हणाला की पुन्हा विचारायचं, “टेकला ना?”

शंभरेक पायऱ्या होत्या. मी एकदाही वैतागलो नाही.

सपाटीला आल्यावर दोनदा गुडघ्यांत डोकं घालून बसला. “उद्या चष्मा परत आण,” एवढंच तो म्हणाला. पायलटने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने घरी फोन लावला.

“अगं, माझे डोळे चांगले आहेत.”

“मी कुठे काय म्हटलं?” पलीकडून वहिनी म्हणाल्या. “उन्हात फिरून डोक्यावर परिणाम झाला का?”

“नाही गं,” तो म्हणाला. मग त्याने पुन्हा सांगितलं, “माझे डोळे चांगले आहेत.”